अठरा गुण, साडेचार गिअर

माझ्या बायकोच्या सायकलला नऊ गिअर होते. मी ती दुरुस्त केल्यावर साडेचार उरले.

हे वाक्य मी घरात उच्चारत नाही. इथे बिनधास्त लिहितोय, कारण नीलिमा माझं लेखन वाचत नाही. (ती कॉलेजात गणित शिकवते. ज्याच्या शेवटी उत्तर येत नाही असं काही ती वाचत नाही.)

पुढचं सगळं नीट कळायचं तर आधी माझा व्यवसाय सांगायला हवा. गेली बावीस वर्षं मी कर्वेनगरात वधूवर सूचक केंद्र चालवतो. मुलामुलींच्या पत्रिका जुळवतो. एकूण गुण छत्तीस. अठरा जुळले की स्थळ पुढे सरकतं, हे आमच्या धंद्यातलं पहिलीचं गणित. अठराला मी पालकांसमोर ‘उत्तम’ म्हणतो, पंचवीसला ‘दैवी’ म्हणतो आणि सतरा आले तर ‘फोटो तर पाठवा, बघू’ म्हणतो. एवढ्या वर्षांत माझी एक श्रद्धा पक्की झाली आहे. जगातली कुठलीही दोन माणसं जुळवता येतात, फक्त मध्ये कुणीतरी पडावं लागतं. या श्रद्धेवर मी पुष्कळ लग्नं जमवली. सायकल एकच जमवली.

नीलिमाने पन्नाशीत सायकल घेतली. आमच्या भागातल्या सायकलवाल्या बायकांचा एक ग्रुप आहे, तो दरवर्षी एकदा सिंहगडावर सायकलने चढतो. गेल्या वर्षी नीलिमा त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेली आणि तिसऱ्या वळणावर तिने पाय टेकला. सायकलवाल्यांत पाय टेकणं म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आमच्याकडे हुंडा मागण्याला जेवढं वाईट समजतात, तेवढंच ते आहे. ती कडेला उभी असताना शोभाताई नावाच्या तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या बाई शेजारून पेडल मारत गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, “हळूहळू या हं.”

ते ‘हं’ नीलिमाच्या काळजात रुतून बसलं. वर्षभर ती पहाटे उठून सराव करत होती. फ्रिजच्या दारावर तिने गडाच्या रस्त्याचा नकाशा लावला, वळणांना आकडे दिले आणि तिसऱ्या वळणाभोवती लाल गोल काढला. दूध काढायला फ्रिज उघडला तरी मला दम लागायचा. यंदा गडाच्या पायथ्याच्या नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत पाय टेकवायचा नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. चढाई रविवारी होती.

गुरुवारी सकाळी ती म्हणाली, “अहो, तुमची स्कूटर माझ्या सायकलला खेटून लावलीय. तेवढी बाजूला घ्या.”

मी एका कन्या राशीच्या इंजिनिअरमध्ये गुंतलो होतो. मी “हो” म्हणालो.

वीस मिनिटांनी ती कॉलेजला निघाली. दारातून म्हणाली, “अहो, स्कूटर.”

मी उठलो. (दुसऱ्यांदा सांगितलं की मी लगेच उठतो. याबाबतीत माझी कुणी तक्रार करू शकणार नाही.) खाली पार्किंगमध्ये जाऊन मी स्कूटर ओढली, तिच्या हँडलमध्ये सायकलचं हँडल अडकलं होतं ते मला दिसलं नाही, आणि सायकल पडली. सायकलला पडायला दोन बाजू असतात. डावीकडे काही नसतं. उजवीकडे सगळं असतं. ती उजवीकडे पडली.

मागच्या चाकापाशी एक लोंबकळता हात असतो. त्याला डिरेलर म्हणतात. हँडलवरचा खटका दाबला की केबल ओढली जाते, केबल या हाताला ओढते आणि हा हात चेनला एका दातेरी चकतीवरून शेजारच्या चकतीवर ढकलतो. ही सगळी माहिती मला नंतर मिळाली. त्या क्षणी मला एवढंच कळलं की हा हात पूर्वी एक होता आणि आता दोन तुकड्यांत आहे.

“काय सोमण, मोडली का?” मागून आवाज आला. देवधरकाका. आमच्या सोसायटीत कुठेही काही पडलं की ते तिथे आधीच उभे असतात.

“नाही हो, जरा निघालंय.”

“हो का. तुकडा मोठा निघालाय.”

सरळ मेश्रामांकडे जायचं, हा शहाणा मार्ग होता. बिबवेवाडीत सायकलचं छोटंसं दुकान चालवणारे मेश्राम नीलिमाच्या सायकलचे फॅमिली डॉक्टर. पण ते नीलिमाला ‘ताई’ म्हणतात आणि तिच्यापासून काही लपवत नाहीत. आणि मला तर नेमकं तेच करायचं होतं. तेवढ्यात मला आठवलं, आमच्या मागच्या बाल्कनीत चिन्मयची, म्हणजे आमच्या मुलाची, जुनी सायकल टांगलेली आहे. चिन्मय आता वाघोलीला राहतो आणि घरी बसून कंपनीचं काम करतो. त्याला त्या सायकलची आठवण नाही. तिलाही त्याची नसावी.

मी तिचा डिरेलर बघितला. धडधाकट होता. कंपनी मात्र अमेरिकन. नीलिमाच्या सायकलचं सगळं सामान जपानी. इथे एखादा सामान्य माणूस थांबला असता. मी व्यावसायिक आहे. मी गुण मोजले. नीलिमाच्या हँडलवरच्या खटक्याला नऊ घरं. हा डिरेलर आयुष्यभर नऊ चकत्यांवर संसार करून आलेला. नऊ आणि नऊ, अठरा.

अठरा गुण! मी तिथल्या तिथे स्थळ पक्कं केलं.

विधी दुपारभर चालला. जुनी चेन सोडवायला अर्धा तास लागला, जोडायला दोन तास. देवधरकाका मधूनमधून हातात चहाचा कप घेऊन येत होते. (एकच कप आणत.)

“मोडताय का दुरुस्त करताय?” त्यांनी एकदा विचारलं. “नाही, बाहेरून फरक कळत नाही म्हणून.”

“दुरुस्त करतोय.”

“मग चालू द्या. मी नुसता बघतोय.”

संध्याकाळी मी मागचं चाक उचलून पेडल फिरवलं आणि खटका दाबला. टक. काही झालं नाही. पुन्हा दाबला. टक. चेन एक घर सरकली. तिसरा टक, काही नाही. चौथा टक, एक घर. मधल्या टकांना चेन दोन चकत्यांच्या मध्ये उभी राहून खडखड करायची. घरात शिरावं की उंबऱ्यावरच थांबावं हे न ठरलेल्या नव्या सुनेसारखी. मी म्हटलं, नवीन लग्न आहे, रुळायला वेळ लागणारच. डिरेलरवर दोन बारीक स्क्रू होते. मी ते दोन्ही पिळले. ते कशासाठी असतात हे मला आजही माहीत नाही, पण मध्यस्थाने स्वस्थ बसू नये, असं माझं मत आहे.

शुक्रवार तिच्या सरावाच्या सुट्टीचा. संध्याकाळी नीलिमाने सोसायटीतच एक चक्कर मारली आणि माझ्यासमोर येऊन थांबली.

“अहो, सायकलला हात लावलात?”

“पुसली.”

“पुसली?”

“पुसली, ग्रीस घातलं. रविवारी तुझा कार्यक्रम आहे ना.”

“मी एकदा खटका दाबते तर काहीच होत नाही. दोनदा दाबला की होतं.”

“नवीन ग्रीस आहे. बसायला दोन दिवस लागतात. बाकी सायकल मी स्वतः तपासलीय, एकदम ठणठणीत.”

तिने माझ्याकडे जरा रोखून बघितलं. मग तिने माझ्यावर विश्वास ठेवला. संपूर्ण प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक कुणी केली असेल तर ती इथे तिने केली.

शनिवारी सकाळी ती शेवटच्या सरावाला चांदणी चौकाचा चढ चढायला गेली. नेहमी पाऊण तासात परत यायची. दीड तास झाला तरी पत्ता नाही. शेवटी मी गॅलरीतून बघितलं तर ती सायकल हाताने ढकलत फाटकातून येत होती. वर आली, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसून राहिली.

“काय झालं?”

“काही नाही. सगळ्यात हलका गिअर लावला होता. खटका पार शेवटच्या घरात. तरी पेडल फिरेना. जो चढ मी रोज गाणं म्हणत चढते, तिथे आज पाय टेकला.”

“अगं, एखादा दिवस असतो.”

“सायकल ठणठणीत आहे म्हणालात ना तुम्ही?”

मी तिचं हेल्मेट उचलून खुंटीला लावलं.

“मग माझेच पाय गेले,” ती म्हणाली. “एक्कावन्न वय आहे, अहो. कुठेतरी कबूल करायला हवं. उद्याचं मी रद्द करते. शोभाताईंना कळवते.”

ती उठली आणि फ्रिजवरचा नकाशा काढायला लागली. चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेली होती. ती एकेक कोपरा हळूच सोडवत होती, दाराचा रंग निघू नये म्हणून. माझ्या केंद्रात मी मोडलेली लग्नं बघितली आहेत, मांडवातून परत गेलेल्या वराती ऐकल्या आहेत. पण त्या तिसऱ्या कोपऱ्यापाशी मला जे झालं ते कधी झालं नव्हतं.

“थांब,” मी म्हणालो. “आज कुणाला कळवू नकोस. मी सायकल मेश्रामांना दाखवून आणतो.”

“ठणठणीत आहे ना?”

“ठणठणीत आहे, पण त्यांनाही बघू दे.”

रिक्षात सायकल बसली, उरलेल्या जागेत मी बसलो. मेश्राम मूळचे भंडाऱ्याचे. तीस वर्षं पुण्यातल्या कारखान्यात काढली, निवृत्तीनंतर दुकान टाकलं, पण बोलणं तिकडचं तिकडेच राहिलं. त्यांनी सायकल स्टँडवर चढवली, पेडल फिरवलं, खटका दाबला. टक. दाबला. टक. मग वाकून डिरेलर बघितला आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

“भाऊ, हे लग्न कोणं लावलं?”

“का? काय झालं?”

“हे दोघं एकमेकाशी बोलूनच नाही राहिले.”

“अहो, पण मी मोजलं होतं. खटक्याला नऊ, चकत्या नऊ.”

“मोजलं. पण ओढते किती ते पाहिलं का?” त्यांनी केबलला बोट लावलं. “हा जपानी खटका एका टकाले केबल ओढते थोडीशी. त्याचा जपानी जोडीदार तेवढ्यात समजते अन् पूर्ण घर सरकते. हा अमेरिकन त्याले दुप्पट ओढ लागते. तुमच्या थोडक्यात त्याचं निम्मंच होते. कंपन्या दोन्ही चांगल्या आहेत. माणूस मधला चुकला.”

आमच्या शास्त्रात याला नाडी म्हणतात. बाकी सगळं जुळलं आणि नाडी बघायची राहिली, तर ज्योतिषाला लोक घरात घेत नाहीत.

“तुम्ही पत्रिका जुळवता ना भाऊ?” मेश्रामांनी अगदी साध्या आवाजात विचारलं.

“हो.”

“आमच्यात पत्रिका पाहत नाहीत. आम्ही बौद्ध लोक. पोरगा-पोरगी दोन शब्द बोलते का, तेवढं पाहतो.” त्यांनी पुन्हा खटका दाबला. “इथं तेवढं पाहिलं असतं तरी झालं असतं.”

जपानी डिरेलर दुकानात नव्हता, सोमवारी येणार होता. चढाई दुसऱ्या दिवशी सकाळी. मी त्यांना नीलिमाचं सगळं सांगितलं. नकाशा, तिसरं वळण, शोभाताईंचं ‘हं’. मेश्राम बराच वेळ चाक फिरवत राहिले.

“खटक्याच्या नऊ घरांत हा निम्मंच अंतर चालते,” ते म्हणाले. “तुम्ही त्याले जड बाजूच्या चकत्यांवर बसवला. म्हणून ताईंले हलका गिअर भेटलाच नाही. खटका शेवटच्या घरात, पण चेन मधातच. पाय नाही गेले त्यांचे. गिअर गेले. मी केबल ताणून त्याले हलक्या बाजूनं बसवून देतो. चढाचे पाच भेटतील. साडेचार म्हणा, पाचवा मनात आलं तर पडते. सपाटीवर हाल होतील, पण चढतील.”

“मग लावा ना!”

मेश्रामांनी पाना खाली ठेवला. “आधी ताईंले फोन लावा. खरं सांगा. नाहीतर मी हात नाही लावत. कायले म्हणजे, उद्या घाटात त्यांनी पुन्हा स्वतःलेच दोष दिला तर?”

मी फोन लावला. मेश्रामांनी स्पीकर सुरू केला. दुकानात एक गिऱ्हाईक पंक्चर काढायला आलं होतं, ते स्टूल ओढून जवळ बसलं. मी स्कूटरपासून सुरुवात केली आणि अठरा गुणांवरून मेश्रामांच्या पाच गिअरपर्यंत पोचलो.

“नीलिमा?”

“स्पीकरवर आहे का?”

मला वाटलं ती रागावून बोलतेय.

“अहो, स्पीकरवर आहे का?”

“हो.”

“मेश्रामभाऊ, जे पाच मिळतील ते कुठले?”

“सगळे चढाचे, ताई. एका गिअरले दोनदा दाबा लागंल.”

“दोनदा?”

“हो. एकदा दाबून काही नाही होत.”

“मग बसवा. दोनदाची मला सवय आहे,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पंक्चरवाल्या गिऱ्हाइकाने माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. मी घरी पोचलो तेव्हा नकाशाचे मोकळे कोपरे पुन्हा चिकटवलेले होते. माझ्याशी कुणी बोललं नाही, पण स्वयंपाकघरातून गाणं ऐकू येत होतं.

रविवारी मी केळी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन स्कूटरवरून मागे होतो. खडकवासल्यापर्यंतचा सपाट रस्ता बघवत नव्हता. हलक्या गिअरमुळे नीलिमाचे पाय शिलाई मशीनसारखे फिरत होते आणि सायकल सावकाश चालली होती. ग्रुप पुढे निघून गेला. मग दुधाच्या किटल्या लावलेल्या साध्या सायकलवरचे एक आजोबा तिच्या बाजूला आले, तिच्या पायांकडे बघितलं, मागच्या चाकाकडे बघितलं आणि पुढे निघून गेले.

नाका ओलांडला आणि चढ लागला. आता सगळ्यांचे पाय मंदावले, तिचे तेवढेच राहिले. टक-टक. एक गिअर. पुन्हा टक-टक. मध्येच चेन खडखडायची, तशी मी स्कूटरवर डोळे मिटून घ्यायचो. (घाटात हे करू नये.) पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे ती डगमगली. पुढचं चाक डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं. तिने खटका दाबला. टक. काही नाही. तिचा उजवा पाय पेडलवरून सुटला आणि हवेत लटकला. मी ओरडणार होतो, पण काय ओरडायचं ते सुचेना. अठरा गुण सोडून मला दुसरं काही आठवत नव्हतं.

टक.

चेन चढली. पाय पेडलवर परत आला. वळणाच्या बाहेरच्या कठड्यापाशी शोभाताई पाय टेकून पाणी पीत उभ्या होत्या. नीलिमा त्यांच्या शेजारून गेली. काही बोलली नाही. बोलायला श्वास नव्हता, नाहीतर मी तिला ओळखतो.

वाहनतळावर पोचून तिने सायकल थांबवली आणि मगच पाय टेकला. नंतर सगळ्या बायका मडक्यातलं दही आणि भजी घेऊन बसल्या. शोभाताई सायकलपाशी वाकून बघत होत्या. “अगं, एका गिअरला दोनदा दाबावं लागतं? आणि तू अख्खा घाट चढलीस? मला तर वेड लागलं असतं.”

“त्यात काय,” नीलिमा म्हणाली. “सत्तावीस वर्षं सराव आहे.” आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “अहो, पाणी द्या.”

समोर खडकवासल्याचं पाणी उन्हात चमकत होतं. मी तिकडे बघत विचार करत होतो की आपल्याच केंद्रातून आणखी कितीजणांना आपण साडेचार गिअरवर संसाराला लावलं असेल.

“अहो, पाणी.”

मी लगेच उठून बाटली दिली.

“बघितलंत?” ती मैत्रिणींना म्हणाली. “दोन टक, एक गिअर.”

सोमवारी मेश्रामांकडे जपानी डिरेलर आला आणि सायकलचे नऊच्या नऊ गिअर पुन्हा पडायला लागले. माझ्यासाठी मात्र काही पार्ट मिळत नाही, असं त्यांनी फोनवर कळवलं. ताईंनी दोनदा विचारलं होतं म्हणे.